येताना सांगतो

हिलाल सरांना मी पूर्ण बसलेलं एकदाच पाहिलंय. मला खरं तर त्या एकदाचंच सांगायचंय, पण ते तसं एकदम सांगितलं तर तुम्ही म्हणाल, त्यात काय, माणसं बसतातच. म्हणून आधी ते कसे बसायचे नाहीत ते सांगते.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला मी पिंपळनेरला शाळेत लागले. माहेर वरणगावचं, वडील फॅक्टरीत, सगळं आयुष्य क्वार्टर्समध्ये गेलेलं. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये गेले तर सगळ्या खुर्च्या भरलेल्या, एकीवर फक्त फुटबॉल ठेवलेला. मी उभीच. तेव्हा चित्रकलेचे सर म्हणाले, "बसा ना मॅडम, तो बॉल खाली ठेवा. हिलाल सरांची खुर्ची आहे ती, पण ते नाही बसत."

मला वाटलं सर रजेवर असतील. तेवढ्यात दारात एक सायकल आली. म्हणजे पुढचं चाक आत, मागचं व्हरांड्यात, आणि वर एक उंच, सुकलेले गृहस्थ, पी.टी.ची पांढरी पँट, तिचा उजवा पाय मोज्यात खोचलेला. त्यांनी एक पाय उंबऱ्यावर टेकवला, दुसरा पायडलवरच. शिपायाने मस्टर नेऊन दिलं, त्यांनी हँडलवर ठेवून सही केली. मग चहा आला, तोही तसाच घेतला.

हेडसर म्हणाले, "हिलाल सर, बसा की जरा."

"बसलोय ना सर."

आणि खरंच, सीटवर बसलेलेच होते. त्याला कोण काय बोलणार.

वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. मान उन्हाने विटेसारखी झालेली, पोटऱ्या अशा की त्यावर नारळ फोडावा. सायकल रेसर, वाकड्या हँडलची, पोपटी रंगाची. तिचं मडगार्ड काढलेलं, कॅरिअर काढलेलं, स्टँडसुद्धा काढलेलं. घंटी तेवढी ठेवली होती, जुनी, पितळी, जड. स्टँड का काढलं असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "स्टँड असलं की सायकल थांबते. सायकल थांबली की माणूस थांबतो. माणूस थांबला की मॅडम, पाय विचारायला लागतात."

"काय विचारतात?"

"येताना सांगतो," म्हणाले, आणि गेले ग्राउंडवर. येताना अर्थातच सांगितलं नाही.

स्टँड नसल्यामुळे ती सायकल एकटी उभी राहूच शकायची नाही. कायम कशाला तरी टेकलेली, नाहीतर सरांच्या हातात. वर्गावर ऑफ तास आला तरी ते खिडकीशी सायकल टेकवून बाहेरूनच पोरांना पाढे म्हणायला लावायचे. लग्नाला जायचे तर मंडपाच्या कडेने एक चक्कर, नवरा-नवरीला लांबून नमस्कार, पंगतीत वाढायला सगळ्यात पुढे, जेवायला शोधलं तर नाहीत. साक्रीला कोणाला भेटायला जायचे तर बोलणं दारातच, तेही दोन मिनिटं. लोक हसायचे. काही लोक रागवायचेसुद्धा, आपल्याकडे आलेला माणूस टेकला नाही, पाणी प्यायला नाही, हा अपमानच वाटतो ना. पण सरांना ते कळायचंच नाही. त्यांच्या दृष्टीने ते आले होते, झालं की.

आता रविवारचं सांगते.

रविवारी सकाळी सर शेलबारीच्या चढापर्यंत जायचे आणि परत. मी एकदा सहज म्हटलं मलाही सायकल येते, तर पुढच्याच रविवारी साडेसहाला घराबाहेर घंटी. घरमालकीणबाई म्हणाल्या, कोण आहे ते, तोवर मी माझी लेडीज सायकल घेऊन रस्त्यावर. त्यानंतर मी कितीतरी रविवार गेले. सरांच्या बायकोने, मालतीवहिनींनी, आधी मला नीट बघून घेतलं आणि मग म्हणाल्या, "जा बाई, तुम्हीच जा. मी या माणसामागे धावणं कधीच सोडलं."

वरणगावला रस्ता म्हणजे सरळ, सपाट. इथे गाव सुटलं की रस्ता खाली-वर व्हायला लागतो, जरा चढ, जरा उतार, परत चढ, समोर डोंगर. आधी कांद्याची शेतं, मग द्राक्षाचे मंडप सुरू. दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेली हिरवी छपरं, खाली सावली, आणि त्या सावलीत बायकांचे फक्त पाय दिसायचे, कारण डोकी पानांत. पहिल्या चढावर मी उतरून सायकल ढकलायला लागले. सर पुढे गेले, वळून परत आले, माझ्याभोवती चक्कर मारून म्हणाले, "वर कशाला बघता? चढ बघायचा नाही. पुढच्या चाकापुढचं हातभर बघायचं. तेवढं तर येतं ना?" तेवढं येत होतं. तिसऱ्या रविवारी मी न उतरता चढले, आणि उतारावर सायकल सोडली तेव्हा दोन्ही बाजूंचे मंडप असे भरारा मागे जायला लागले की मी मोठ्याने हसले एकटीच.

पण खरी मजा होती सरांच्या गप्पांची. ते थांबणार तर नाहीत, आणि बोलायचं तर सगळ्यांशी. मग काय, जाताना प्रश्न, येताना उत्तर.

"जना, बैल उठना का?" जनाबाई म्हणजे कांद्याच्या शेतातली म्हातारी. ती मान वर करेपर्यंत आम्ही पुढे. तासाभराने उतारावरून परत आलो की ती बांधावर तयार उभी.

"उठना. पानी बी पिना."

"बरं झालं," हे वाऱ्यावर. आणि तिने काही विचारलं असेल तर सर ओरडणार, "येताना सांगतो," पण आता तर परतच चाललेलो असायचो, म्हणजे ते उत्तर पुढच्या रविवारी. एका बाईच्या मुलीचं बाळंतपण आम्ही असं तीन रविवारांत ऐकलं. मला सुरुवातीला हसू यायचं. मग लक्षात आलं की बायका वाट बघतात. आठवडाभर त्या प्रश्नाचं उत्तर घोळवत असतात, नीट जुळवून ठेवतात, आणि एका वाक्यात देतात.

एकाच ठिकाणी सर काही विचारायचे नाहीत. शेलबारीच्या अलीकडे एक मोठा मंडप होता, दगडी खांबांचा, रस्त्याला लागून घर, घराला ओटा. तिथे आले की फक्त घंटी. एकदाच. आणि वेग वाढवायचे. मंडपात एक बुटके, रुंद गृहस्थ असायचे, पांढरी टोपी, खिशात कात्री. ते मान वर करायचे नाहीत. येताना परत घंटी, परत तेच.

मी विचारलं, कोण ते. सर म्हणाले, "आबा."

"कोण आबा?"

"मोठा भाऊ." आणि इतक्या जोरात गेले की मला गाठताच आले नाहीत.

ते सगळं मला मालतीवहिनींनी सांगितलं. सरांची आई आबांच्या घरी वारली, बरीच वर्षं झाली. आमच्या खानदेशात कोणी गेलं की दारावर बसतात. घरातली पुरुषमाणसं ओट्यावर सतरंजीवर बसून राहतात, गावोगावचे लोक येतात, बसतात, फारसं कोणी बोलत नाही, थोड्या वेळाने उठून जातात. बसणं हेच काम. मुलांनी तर हलायचंच नाही. निरोप सांगायला भाऊबंदांतलं कोणी जातं, पोटचा मुलगा कधी जात नाही.

"आणि हे काय केलं माहितीये?" वहिनी म्हणाल्या. "अग्नी दिला, रात्र काढली, सकाळी सायकल घेऊन निघून गेले. म्हणे मी निरोप देऊन येतो. आवो, निरोप द्यायला दहा जण होते. साक्री, धुळे, थेट नरडाण्यापर्यंत गेले. इकडे सासरे अंथरुणाला खिळलेले, आबा एकटे दारावर. येणारा प्रत्येक जण विचारतो, धाकला कुठेय? आबा काय सांगतील? हे दहाव्याला उगवले. तेव्हा आबा सगळ्यांसमोर बोलले."

"काय बोलले?"

वहिनींनी आबांचा आवाज काढूनच सांगितलं. "माय गयी, आनि तू दारवर बठना नही. आते एक पुरा चहा बठीसन पिशी, तवय मना घर ये."

माझ्या तोंडून निघून गेलं, एवढंच? वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला एवढंच वाटतं. या माणसाला विचारा."

खरंच की. एक पूर्ण चहा. बसून. आणि त्यासाठी आबांची लता, जी तेव्हा फ्रॉकमध्ये होती, ती लग्नाची झाली.

त्या लताचंच पुढे आलं. डिसेंबरमध्ये मण्यांची विरळणी चालते, घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने काढून टाकतात. लता रस्त्याकडच्या ओळीत होती. सरांनी घंटी वाजवली तशी ती मंडपाबाहेर आली आणि ओरडली, "काका, मनं लगीन जमनं."

सर तसेच पुढे. शेलबारीच्या चढावर ते पहिल्यांदा माझ्या मागे राहिले. येताना तिथे आलो, लता उभीच.

"कोठे?" सर.

"सटाणाले. काका, तुम्ही येशात ना?"

आता बघा, हा प्रश्न येतानाचा होता, म्हणजे उत्तराला पूर्ण आठवडा. पुढच्या रविवारी आम्ही गेलो. लता मंडपाबाहेर, हातात कात्री, पदर खोचलेला. सरांनी घंटी वाजवली आणि गेले. येतानाही गेले. उत्तर नाही. मी मागे वळून पाहिलं तर ती पोरगी तशीच उभी होती, आणि तिच्यामागे मंडपात पहिल्यांदा ती पांढरी टोपी आमच्या दिशेला वळलेली होती.

गावात शिरताना सर म्हणाले, "मॅडम, चहा प्यायला किती वेळ लागतो हो?"

मग सुरू झाली प्रॅक्टिस. हसू नका, खरंच प्रॅक्टिस. शाळा सुटली की सरांच्या घरी, स्वयंपाकघरात पाट मांडलेला, समोर कप. वहिनींनी बशी काढून घेतलेली, कारण बशीत ओतून दोन घोटांत संपवायची सवय. मी बघायला.

"गरम शे," सर.

"मग थांबा," वहिनी.

"थांबू कसा?"

पहिल्या दिवशी अर्ध्या कपावर उठले, सायकलमध्ये हवा आहे का बघून येतो म्हणे. दुसऱ्या दिवशी कप हातात घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या घालायला लागले. वहिनी म्हणाल्या, अहो बसून म्हणजे बसून. तिसऱ्या दिवशी पाट उचलून अंगणात नेला, सायकलजवळ, एक हात सीटवर ठेवून प्यायले. वहिनींनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "मॅडम, लहान पोरंले जमस, यासले जमत नही."

पण मी त्यांचा चेहरा बघत होते. गंमत करत नव्हते ते. कपाळावर घाम असायचा, शेलबारी चढताना यायचा नाही एवढा. एकदा वहिनी दूध घ्यायला आत गेल्या तेव्हा ते हळू म्हणाले, "बसलो की ती सतरंजी दिसते." एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही आणि त्यांनीही येताना सांगतो म्हटलं नाही.

लग्नाला थोडेच आठवडे राहिले तेव्हा एका रविवारी गेलो. मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, मंडपाखाली गोडसर वास. वहिनी एस.टी.ने आधीच येऊन ओट्याच्या कोपऱ्यात उभ्या. सरांनी घंटी वाजवली, आणि पायडल मारणं बंद केलं. सायकल आपोआप थोडी गेली आणि थांबली. ते उतरले. सायकल दगडी खांबाला टेकवली, दोनदा नीट केली.

आबा ओट्यावर होते. म्हणाले, "ये." मग खाटेकडे बोट. "बठ."

सर बसले.

लताने चहा आणला. कप असा मोठा की त्यात दोघांचा झाला असता, आबांनीच सांगितलं असणार. सरांनी कप धरला. गुडघा हलायला लागला. एक घोट. दुसरा. वहिनींचे ओठ हलत होते, मला वाटतं त्या घोट मोजत होत्या. अर्ध्यावर आला असेल, आणि वारा सुटला. खांबाला टेकलेल्या सायकलचं हँडल हळूच वळलं. सगळ्यांनी पाहिलं. सायकल घसरायला लागली.

सर उठलेच होते हो. खाटेपासून चार बोटं वर. वहिनींनी डोळे मिटले.

सर पूर्ण उभे राहायच्या आधीच आबा ओट्यावरून खाली उतरले, म्हणजे उडीच मारली जवळजवळ, त्या वयात, त्या अंगाने. सायकल पडता पडता धरली. "बठ," म्हणाले. "मी धरस. तू पी."

सर परत टेकले. आबा सायकल धरून उभे. थोड्या वेळाने त्यांनी अंगठ्याने घंटी वाजवली, एकदा.

"दर आईतवारले वाजाडस तू," आबा म्हणाले. "माले वाटे, आते थांबशी."

"थांबीसन काय सांगू?"

आबा घंटीकडेच बघत होते. "नरडाणानी मावशी काय बोलनी व्हती, ते सांग."

आणि मला एकदम कळलं. सर निरोप घेऊन गेले होते, गावोगाव, आणि येताना जे सांगायचं असतं ते सांगायला जागाच मिळाली नव्हती त्यांना. एवढी वर्षं ते तसंच त्यांच्याजवळ होतं.

सरांनी सांगितलं. आईची बहीण, नरडाण्याची मावशी, भाकरी थापत होती. निरोप ऐकला, थापायची थांबली नाही, परातीतलं पीठ संपवलं. मग दोन ताटं वाढली. एक सरांपुढे ठेवलं, दुसऱ्यापुढे कोणी नव्हतं. म्हणाली, तिलाही लांबून आल्यावर भूक लागायची.

"आनि?" आबा.

साक्रीच्या मामांनी खोटं बोलतोस म्हणून हाकलून दिलं, कोपऱ्यापर्यंत शिव्या दिल्या आणि मग मागून अनवाणी धावत आले.

"आनि धुळाले?"

धुळ्याला आईची मैत्रीण, बांगड्यांचं दुकान होतं तिचं. तिने फळ्या लावल्या आणि सायकलच्या बाजूने चालत राहिली, हायवेपर्यंत. वळताना फक्त विचारलं, हातात बांगड्या कोणत्या होत्या.

"हिरव्या," आबा म्हणाले. आणि सायकल धरूनच खाली बसले, जमिनीवर.

त्याच वेळी रस्त्याने जनाबाई चालली होती. तिने ओट्याकडे पाहिलं, एक भाऊ खाटेवर, एक खाली, दोघांच्या माना खाली. तिने काही विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतला, आली, ओट्याच्या कडेला टेकली. थोडा वेळ बसली. मग उठून गेली, जशी दारावरून जातात तशी.

चहा कधीच गार झाला होता. सरांनी तो एका दमात संपवला आणि कप उलटा करून दाखवला. "संपना."

आबांनी कप घेऊन आत पाहिलं. "साय शे अजून."

सरांनी बोटाने साय काढून खाल्ली. लता तोंडावर हात घेऊन हसली आणि आत पळाली. आणि हे सगळं होईपर्यंत सरांचा उजवा पाय सारखा हलत होता, तो काही थांबला नाही.

लताच्या लग्नात सरांनी काय केलं म्हणाल तर पंगतीत वाढलं, बसले नाहीत. पण अक्षतांच्या वेळी आबांच्या शेजारी उभे होते. आबांनी त्यांचा कोपर धरून ठेवला होता, पोलिसाने धरावा तसा. नंतर आबांनी त्या दगडी खांबाला एक लोखंडी कडी ठोकून घेतली, सायकल अडकवायला. ती बहुतेक रिकामीच असायची. फक्त आता घंटी वाजली की मंडपातली पांढरी टोपी वर व्हायची आणि आबा काहीतरी विचारायचे. सर म्हणायचे, येताना सांगतो.

दोन वर्षांनी मला नाशिकला नोकरी लागली. सामान घेऊन सटाण्याच्या एस.टी.त बसले. शाळेत सगळ्यांचा निरोप घेतला होता, सर नेमके ग्राउंडवरून कुठेतरी गेलेले. शेलबारीच्या चढावर गाडी दम खात चालली होती आणि खिडकीतून पाहते तर पुढे ती पोपटी सायकल. सर सीटवरून उठून पायडल मारत होते, नजर चाकापुढच्या हातभर रस्त्यावर. गाडी हळूहळू बाजूला आली. मी अर्धी बाहेर वाकले. एवढ्या वेळात काय विचारणार, मला काही सुचेचना, तेच आलं तोंडात.

"सर, पाय काय विचारतात?"

त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, हसले. हँडलवरचा एक हात सोडून गोल फिरवला.

"येताना सांगतो," ओरडले.

गाडी पुढे गेली. मी त्या रस्त्याने अजून परत आले नाहीये.